बद्द

दादरच्या पारशी कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर,
गुलचेरबाईंच्या शोकेसची किंमत करायला गेलो होतो.
बोलावलं भाच्यानं. नेविल.
एका कानात बोंडूक, दुसऱ्यात मी.
"अंकल, रफली सांगा. टोटल."

चिनीमातीची टोटल अशी लागत नाही.
एकेक कप उताणा करायचा,
बुडाचा शिक्का वाचायचा,
मग खिडकीशी धरून पलीकडून बोट फिरवायचं.
बोटाची सावली अलीकडे आली तर पोर्सिलेन,
नाही आली तर नुसतं भांडं.
आणि सगळ्यात शेवटी टिचकी.
कस्टममध्ये एकतीस वर्षं हेच केलं,
गोदामात, लाकडाच्या भुशात कोपरापर्यंत हात घालून.
खणखणीत की बद्द,
एवढ्या दोन शब्दांची माझी विद्या.

बेचाळीस नग.
गावोगावच्या आठवणी, सोनेरी काठाच्या:
ब्रायटनचा धक्का, सिमल्याचं चर्च,
एडनचा उंट, पाय मात्र कुत्र्याचे,
राणीच्या साठ वर्षांच्या राज्याचा मग,
राणीच्या नाकाचाच टवका उडालेला.

"बरजोर खूप हिंडलेले दिसतात," मी म्हटलं.
"कुठे हिंडला? गोदीत टॅली क्लार्क होता.
एकदा माथेरानला गेला,
तो पण ताप घेऊन परत आला.
हे सगळं चोरबाजारमधून. दर शुक्रवारी.
लोक जाऊन आले, मेले,
त्यांच्या पोरांनी विकलं, ह्याने घेतलं."

मी लिहीत होतो. चारशे. अडीचशे.
सिमल्याला सहाशे, काठ घासलेला असूनही.
नेविल बेरीज करत होता, ओठ हलवत.

बेचाळिसावा कापसात गुंडाळलेला.
कप-बशी. राजाबाई टॉवर.
बव्हेरियातल्या कुणा कारागिरानं काढलेला,
ज्यानं मुंबई बापजन्मात पाहिली नव्हती.
छाप उलटा बसलेला, डावीकडचं उजवीकडे,
नारळांना देवदारासारखी पानं,
मैदानाच्या जागी थेट समुद्र
आणि त्यात एक हंस.
खाली अक्षरं: मुंबईहून भेट.

"त्याने पाहिलेलं हे एकच गाव," बाई म्हणाल्या,
"आणि ते पण चुकीचं काढलेलं.
रात्री दिव्याखाली धरून दहा मिनिटं हसला.
मग खोकला."

असा कप मी आयुष्यात एकदाच पाहिलेला,
लिलावाच्या यादीत, कृष्णधवल.
आकडा पाठ होता.
नेविलच्या नव्या गाडीची दोन चाकं तरी निघाली असती.

टिचकी मारली.
नाद उठला तो थांबेचना,
शोकेसच्या काचेला लागला,
माझ्या मनगटातून वर चढला.
बाईंनी काही खूण केली नाही.
खुर्चीचा हात धरला, एवढंच.

"बद्द," मी म्हणालो.
"आत तडा आहे. केसाएवढा.
याला कोणी हात लावणार नाही."
"मग किती?"
"शंभर. बशीचे."
एकतीस वर्षांत कुणाचा पेढासुद्धा घेतला नव्हता.
शंभर लिहिताना शाई अडली,
दुसऱ्यांदा गिरवावं लागलं.

नेविल गाडी काढायला खाली गेला.
बाई आत गेल्या.
चहा आला, गवती चहा नि पुदिना घातलेला,
त्याच कपात.
"अहो, यात नको!"
"कां? तडा गेला ना?
मग कसला घाबरते तू?"

दोन्ही हातांनी धरला. कानावर विश्वास नव्हता,
कपाच्या, माझ्या नाही.
खिडकीतून ऊन येत होतं,
चहाची पातळी बाहेरून दिसत होती:
आधी घड्याळापाशी,
मग देवदारांपाशी,
मग हंसाच्या मानेखाली.
बाई तिकडेच बघत होत्या.
मी सावकाश प्यायलो.